माती धुतलेली मुळं

तीन देश फिरून ते खोकं आज दुपारी दारात आलं. आत परक्या लिपीतल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, जाड पानांचं मूठभर रोप आणि त्याची उघडी मुळं. एका देशाची माती दुसऱ्या देशात चालत नाही, म्हणून निघण्याआधीच ती धुऊन टाकतात. सोबत रोप निरोगी असल्याचा शिक्क्याचा कागद.

“अगं, एवढ्या लांबून आलंय, आधी पाणी दे त्याला,” नवरा म्हणाला.

मागच्या वेळी मी तेच केलं होतं. आपल्याकडे दारी आलेल्याला आधी पाणी विचारतात. त्या सवयीने पहिलं रोप लावल्या लावल्या तांब्याभर पाणी घातलं आणि चार दिवसांत ते बुडापासून कुजलं. प्रवासात मुळं दुखावलेली असतात. आठवडाभर त्याला सावलीत, कोरडं, नुसतं पडू द्यायचं असतं. तहान असते, पण पिण्याचं त्राण नसतं.

परवा लेक आली, तीन वर्षांनी, परदेशातून. दारातच औक्षण, मग पुरणपोळी, मग आत्या, मावश्या आणि प्रत्येकीचे तेच प्रश्न. ती हसून उत्तरं देत राहिली. आज सकाळपासून तिच्या खोलीचं दार लोटलेलं आहे आणि मी दर तासाला टकटक करते आहे. मीही दमले आहे, पण राहवत नाही.

रोप मी खिडकीत कोरड्या बशीवर ठेवलं. नवरा तांब्या घेऊन उभाच होता. तो त्याच्या हातून काढून घेतला आणि लेकीच्या दाराशी मी ठेवलेला, निवत चाललेला चहाही उचलून आणला.