ताईच्या मागच्या खोलीतला कॉम्प्युटर

मी मशीनवाला माणूस. बिघाड असतो म्हणजे कारण असतंच, आपल्याला ते सापडायला वेळ लागतो इतकंच... हे मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायचो. भूतबाधा, नजर वगैरे ऐकलं की हसायचो. आता हसत नाही.

नंदुरबारला माझं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान आहे. सुनंदाताई, माझी मोठी बहीण, जवळच्या कोरीट गावात दिलेली. दाजी सुरतेला कामाला. ताई घरीच गावातल्या लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरते. कॉम्प्युटर मागच्या खोलीत, कारण तिथेच तिचे सासरे – आबा – खाटेवर पडून होते. काम करता करता त्यांच्याकडे लक्ष राहायचं.

एक दिवस फोन आला. "दिन्या, या मशीननी माले रडाई टाकं. एक फाईल खुलाले अर्धा तास!"

त्यात एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, मीच बसवली होती. जाऊन बघितलं तर स्पीड सेकंदाला चार एमबी. चारशे ऐंशीच्या जागी चार! केबल बदलली, पोर्ट बदलला. ड्राइव्हची हेल्थ सत्त्याण्णव टक्के. मशीन दुकानात आणलं – चारशे ऐंशी. परत खोलीत लावलं – चार. नवी कोरी एसएसडी लावली – चार. वीज कमी पडत असेल म्हणून माझा बॅटरीवरचा लॅपटॉप तिथे उघडला. तोही चारवर आला. लॅपटॉप तसाच चालू ठेवून घरासमोरच्या ओट्यावर नेला... चारशे ऐंशी.

मी घामाघूम. ताई दारात उभी होती. ती हळूच म्हणाली, "या खोलीमा सर्वच हळू चालस रे. घड्याळना तीन सेल बदलात. दही लावं तर ते बी लागत नही."

मग तिने आबांकडे पाहिलं. "डॉक्टरनी दोनच दिवस सांगेल व्हतात. चार महिना व्हई गयात."

आबांच्या पाठीला जखमा झाल्या होत्या, कूस बदलली तरी कण्हायचे. त्यांनी आमचं ऐकलं असावं. डोळे उघडून म्हणाले, "माले ओटावर लई चाला रे. कितला दिन व्हई गयात."

ताईने माझा हात धरला. "तूच सांग. लई जाऊ का नको?"

मी दाजींना फोन लावला, लागला नाही. आबा पुन्हा म्हणाले, "चाला ना..." मी आणि ताईने खाट उचलली.

सकाळचे साडेअकरा वाजले होते. समोरच्या खळ्यात मिरच्या वाळत घातलेल्या. आबा त्या लाल ढिगाकडे बघत राहिले. चहा मागितला. ताईने बशीने दोन घोट पाजले. तिसरा घोट ओठातून तसाच बाहेर आला.

नाडी बघायला मी मनगट धरलं. काहीच लागेना. मला दुसरं काही येतही नव्हतं... मी नुसता मनगट धरून बसलो.

दहाव्याला गेलो तेव्हा कोणाला न सांगता मागच्या खोलीत मशीन लावलं. फाईल कॉपीला टाकली. चारशे ऐंशी! त्याच जागी, त्याच बोर्डावर. मग अडकलं होतं ते काय – खोली, की आबा? केबल, ड्राइव्ह, वीज, सगळं आजवर शंभर वेळा डोक्यात तपासून झालंय. कारण सापडलेलं नाही.

ताईचं काम आता जोरात चालतं. पण मी गेलो की एकदा तरी जवळ येऊन विचारते, "आपुन त्यासले बाहेर आनं म्हनीसन गयात का रे आबा?"

मी मागच्या खोलीत जाऊन पुन्हा एक फाईल कॉपीला टाकतो. ती दारातून आकडा बघते आणि निघून जाते.