आधी गोषवारा, मग दुरुस्ती

५ डिसेंबर २०२४, सकाळी दहा वाजून दहा मिनिटे. या वेळी मी केळी उत्पादक संघाचा सर्व्हर सर्व शाखांसाठी बंद केला, आणि तसे करताना मला बरे वाटले. कोणालाही आत येता येत नाही, ही संगणकाची अवस्था मला नेहमीच आदर्श वाटत आली आहे.

वीज खात्याच्या संगणक विभागातून निवृत्त झाल्यावर जळगावच्या या संघाने मला बोलावून घेतले. कोणत्या शेतकऱ्याची बाग कोणत्या तारखेला कापायची, त्या दिवशी कापणाऱ्यांची टोळी कोणती आणि ट्रक कोणता, हे सारे आमच्या डेटाबेसमध्ये असते. कोणी काय पाहावे आणि काय बदलावे, हे मी ठरवतो. नियमावली माझी आहे. शाखेने तारीख नोंदवावी. नोंदवलेली तारीख बदलायची असल्यास जळगावला लेखी अर्ज करावा. मी विचार करीन. विचाराला मी दोन दिवस घेत असे, कारण घाईने केलेला विचार मला पसंत नाही. केळीला काय पसंत आहे, याची चौकशी मी केली नव्हती.

पत्नीचे मत असे, की संघाला संगणकाचा माणूस हवा होता आणि मिळाला पहारेकरी. मी ते कौतुक समजत आलो.

त्या दिवशीचे काम असे होते. ज्यांनी आमचा डेटाबेस सर्व्हर बनवला, त्यांनी त्यातील एक दोष जाहीर केला होता आणि त्यावरची दुरुस्ती पाठवली होती. एखादे काम करण्यापुरता वापरणाऱ्याला वरचा हक्क दिला, तर काम संपल्यावर तो हक्क काढून घ्यायला सर्व्हर विसरत असे. निरोप सांगायला आत आलेला मनुष्य साहेबांच्या खुर्चीत बसून राहावा, तसा प्रकार. आमच्याकडे असे काम एकच होते: मासिक गोषवारा. त्याला सगळ्या शाखांचे आकडे लागतात, म्हणून तो तेवढा माझ्या हक्काने चालतो.

दुरुस्ती बसवण्यापूर्वी मी डेटाबेसची प्रत काढली आणि या फटीतून कोणी आत शिरले होते का, ते तपासले. एकच नाव निघाले. धुळे शाखेच्या लिपिक बाई. जवळजवळ रोज त्यांनी कापणीच्या तारखा बदलल्या होत्या, त्याही माझ्या हक्काने.

मला धक्का बसला, कारण धुळे ही माझी लाडकी शाखा. मासिक गोषवारा महिन्यातून एकदा काढायचा असतो. धुळे तो रोज काढी. जळगावच्या बैठकीत मी त्याचे उदाहरण देत असे. शिस्त पाहावी तर धुळ्याची, असे माझे शब्द होते.

बाई कंत्राटी होत्या. त्यांना कायम करण्याचा विषय दुसऱ्या दिवशी संचालक मंडळापुढे होता. नियमावली स्पष्ट होती: हक्काबाहेर काम करणाऱ्याची सेवा समाप्त. त्यांना फोन करून विचारावे, असे माझ्या मनात आले नाही. मी सचिवांना चार ओळी लिहून पाठवल्या, दुरुस्ती बसवली आणि बाराच्या सुमारास सर्व्हर उघडला. मग समाधानाने डबा खाल्ला.

डब्याचे झाकण लावत असताना धुळ्याहून फोन आला. बाईच होत्या.

"आबा, गोषवारा काढला, तरी तारीख बदलत नाही."

"गोषवाऱ्याचा तारखेशी काय संबंध?"

"आधी गोषवारा, मग दुरुस्ती. तुमचीच पद्धत ना, आबा?"

मी म्हटले, "कोणी सांगितले तुम्हांला?"

"माझ्या आधी इथे जे भाऊ होते, त्यांनी. म्हणाले, नुसती तारीख बदलायला गेलं तर संगणक नाही म्हणतो. गोषवारा काढून मग बदलली की घेतो. आबांची शिस्त आहे, का ते विचारायचं नाही."

चोराने इतक्या सरळपणे फोन केल्याचा अनुभव मला नव्हता. मी सचिवांना गाठले आणि थोडे थांबा म्हटले.

"आबा, नियम तुमचा, सही फक्त माझी," ते म्हणाले. "सेवासमाप्तीचं पत्र टाईप झालंय. कार्यालय बंद होताना पाठवणार."

मी ऐकलेल्यावर विश्वास ठेवत नाही. सर्व्हरच्या खोलीला कुलूप लावले, किल्ली खिशात टाकली आणि धुळ्याची एसटी धरली. एरंडोल, पारोळा, मग धुळे. वाटेत मी नियमावली तोंडपाठ म्हणून पाहिली. एकही शब्द चुकला नाही.

धुळ्याच्या शाखेत शिरपूरकडचे एक शेतकरी खुर्चीवर पाय वर घेऊन बसले होते. त्यांची कापणी दुसऱ्या दिवशी होती. टोळी एक दिवस उशिरा येणार होती. तारीख पुढे केली नाही, तर ट्रक उद्या येऊन रिकामा परत जाणार आणि परवा कापलेल्या मालाला ट्रक मिळणार नाही.

बाईंनी माझी ओळख करून दिली. शेतकऱ्याने मला खालपासून वरपर्यंत पाहिले.

"हाईच का ते आबा? मी समजनू, आबा म्हंजे काही यंत्र शे."

"तारीख बदलण्याचा नियम आहे," मी म्हणालो.

"नियम ऱ्हावो. बठ्ठा माल झाडवर पिकी जाई. तो काय तुमनी परवानगी लिसन पिकस का?"

बाईंनी तोंडावर पदर धरला. मी कपाटाकडे पाहिले. त्यात रोजचा गोषवारा छापून, टोचून, फायलीला लावून ठेवला होता. खणच्या खण. कोणीही वाचला नव्हता, मीही नाही.

"हे तुम्ही मला का विचारले नाहीत?" मी म्हटले.

"विचारलं होतं, आबा. रुजू झाले तेव्हा फोन केला होता. तुम्ही म्हणालात, नियमावली वाचली का? मी म्हटलं, वाचते. तुम्ही फोन ठेवलात."

तो फोन मला आठवत नव्हता, पण उत्तर निःसंशय माझे होते.

सांगणे भाग होते. मी उभ्याउभ्याच सांगितले, "मी सकाळी सचिवांना तुमच्याविरुद्ध लिहिले आहे. तुम्ही चोरून माझा हक्क वापरता, असे."

बाईंचा चेहरा उतरला. त्या खाली बसल्या. म्हणाल्या, "चोरी करणारं कुणी ती रोज फायलीला लावून ठेवतं का, आबा?"

शेतकऱ्याने पाय खाली घेतले.

मी सचिवांना फोन लावला. नियम चुकला का, असे त्यांनी विचारले. नियम चुकला नाही, मी म्हणालो. नियम मूर्ख होता.

"हे लेखी द्या. आणि बाईंना तो हक्क रीतसर दिल्याचा आदेश आजच्या तारखेचा पाहिजे, आबा. उद्या मंडळापुढे कुणी विचारलं, की ही बाई कोणत्या अधिकाराने तारखा बदलते, तर मी काय दाखवू? तुमचा गोषवारा? तोवर पत्र ठेवतो टेबलावर."

मी बाईंच्या खुर्चीवर बसलो आणि माझ्या नावाने सर्व्हरमध्ये जाऊ लागलो. सर्व्हरने प्रवेश नाकारला. पुन्हा प्रयत्न केला; पुन्हा नकार. मग आठवले. प्रमुखाचे खाते जळगावच्या खोलीबाहेरून उघडू नये, ही व्यवस्था मीच केली होती. जळगावला कोणाला सांगावे, तर परवलीचा शब्द दुसऱ्या कोणाला ठाऊक नाही आणि किल्ली माझ्या खिशात. धुळ्यात त्या क्षणी सर्वांत कमी हक्क माझेच होते.

"आबाले बी अर्ज करना पडी," शेतकरी बाईंना म्हणाले.

मी कागद घेतला आणि लेखी दिले: धुळे शाखेने बदललेल्या सर्व तारखांना माझी मंजुरी समजावी, दोष सर्व्हरचा आणि माझ्या मूर्ख नियमाचा आहे, बाईंचा नाही. बाईंनी त्याचा फोटो काढून सचिवांना पाठवला. फोटो काढताना त्यांनी एक शब्द पुन्हा वाचला आणि विचारले, "मूर्ख असंच राहू द्यायचं, आबा?" मी म्हटले, राहू द्या.

परतीच्या एसटीत मी रावेर शाखेच्या प्रमुखांना फोन केला. तुमच्याकडे तारखा कशा बदलता, असे विचारले. ते मोकळेपणाने म्हणाले, "आम्ही तुमच्या कम्प्युटरच्या नादी लागत नाही, आबा. ट्रकवाल्याला परस्पर फोन करतो. धुळे सोडून सगळ्याच शाखा करतात." म्हणजे माझी व्यवस्था मनापासून वापरणारी शाखा एकच होती आणि तिच्याच बाईंना मी घरी पाठवायला निघालो होतो. पारोळ्यापासून जळगावपर्यंत मी नियमावली म्हटली नाही.

जळगावला पोहोचेपर्यंत कार्यालयात रखवालदाराखेरीज कोणी नव्हते. सर्व्हरच्या खोलीत बसून मी शाखांच्या लिपिकांना, आपापल्या शाखेपुरता, तारीख बदलण्याचा हक्क दिला. आज्ञा एका ओळीची होती. इतकी वर्षे मी ती लिहिली नव्हती, ती लिहायला एक मिनिट लागले. दुरुस्ती तशीच राहिली. गोषवारा काढून आता कोणाला काही मिळणार नाही.

मग धुळ्याला फोन केला. बाई आणि शेतकरी दोघेही थांबले होते. तारीख बदलली, बाई म्हणाल्या. मी बरे म्हटले. आणखी काही बोलावे असे वाटले, तेवढ्यात मागून, "इचार, ट्रक कितला वाजता ई?" असे ऐकू आले आणि ट्रकची वेळ सांगून मी फोन ठेवला.

हक्क दिल्याचा आदेश छापला. वर तारीख घातली, खाली सही केली. सचिवांच्या टेबलावर सेवासमाप्तीचे पत्र सही न होता पडले होते. आदेश त्याच्यावर ठेवला. पंखा बंद होता, तरी वर पेपरवेट ठेवला.