जुनी रिंग

दुपारचं जेवण अंगावर आलंय. गाडीखाली पोतं अंथरून मी सायलेन्सर गार व्हायची वाट बघत पडले आहे. सकाळीच नवा बसवला, जोडात धूर अडवणारी नवी रिंगही घातली, तरी इंजिन सुरू केलं की पुढच्या जोडातून फुस्स येतंच. संध्याकाळी निफाडकर बुवांना कीर्तनाला कवठ्याला न्यायचंय. मागच्या खेपेला गाडीत धूर भरला आणि ऐन आख्यानात बुवांचा आवाज बसला. "मंदाकिनीताई, पुन्हा धूर आला तर आम्ही आपले एसटीनं," असं त्यांनी गोड शब्दांत सांगितलंय. दीर म्हणतात, गाडी विका. विकत नाही. डोळे मिटतात. इंजिन बंद आहे, तरी फुसफुस कानात राहते, पेटीच्या फाटक्या भात्यासारखी.

आणि ती पेटीच आहे. गाडीचं पोट देवळाच्या छताएवढं उंच गेलंय. सभामंडपात मी त्याच पोत्यावर बसले आहे, हातात चिपळ्या. पेटीवर आमचे हे, गेले त्या दिवशीच्याच खाकी सदऱ्यात.

"सूर लागत नाही गं, मंदे. भाता फुटलाय."

"भाता नाही, जोड गळतोय. तुम्ही होतात तेव्हापासून."

"पेस्ट थाप चांगली."

"थापली. तुमच्यासारखी, भाकरीएवढी."

"मग बसलं असणार."

"वर गेलात तरी तेच. बसलं असणार, बसलं असणार."

ते गालात हसतात. मांडीवर आता पेटी नाही, पाइपाचं चपटं तोंड आहे. त्यावरून बोट फिरवते तर काहीतरी खडबडीत लागतं, काळं, भाजून लोखंडाला चिकटलेलं.

"हे काय?"

"जुनी रिंग. निघत नव्हती. मी तिच्यावरच नवी घातली होती. आज तूही घातलीस."

म्हणजे एवढे दिवस गळत होतं ते ह्यामुळे. माझ्या हातातल्या चिपळीची पटाशी झाली आहे. मी ती रिंगेखाली घालते.

"राहू दे ना," ते हळूच म्हणतात. "माझ्या हातची शेवटची आहे."

मंडपात टाळ थांबतात. कीर्तनात अशा जागी मी पदर डोळ्यांना लावते. आज नाही लावत.

"तुमचे पाने ठेवलेत, चप्पल ठेवली आहे, भिंतीवरची तुमची काळी बोटंसुद्धा पुसू दिली नाहीत कुणाला. ही ठेवणार नाही. हिच्यापायी बुवा खोकतात."

"हट्टी."

"माहेरचं एवढंच टिकलंय."

पाइप हलू नये म्हणून ते दोन्ही हातांनी धरून ठेवतात. आम्ही घाटाच्या पायरीवर बसलो आहोत, पाय पाण्यात. खरवडलेली खपली पाण्यात पडते आणि पाणी तिला घेऊन जातं.

"नवी लावशील तेव्हा एकदम आवळू नकोस. आधी..."

"आधी दोन्ही बोल्ट बेताचे. मग इंजिन तापू द्यायचं. गार झालं की शेवटचा पिळा. पूर्वरंग, मग उत्तररंग."

"हे कुठं शिकलीस?"

"तुम्ही डुलक्या घ्यायचात तिथं."

ते खदखदून हसतात. हसता हसता त्यांची मांडी पाण्यासारखी हलते, पलीकडचा घाट दिसू लागतो.

"मग मधे बुक्का लागतो," म्हणत ते अंगठा पुढं करतात.

कपाळाला तो टेकायच्या आतच जाग येते. वर गाडीचं पोट, हात लांबवला तर लागेल एवढं जवळ. सायलेन्सर गार झालाय. सकाळी आवळलेल्या बोल्टांना कुणी हात लावलेला नाही.

उजवी मूठ घट्ट मिटलेली आहे. उघडते, तर आत जळक्या रिंगेचा तुकडा, अर्धचंद्रासारखा.

मी पाना घेते. बोल्ट सैल करून जोड उघडते, नवी रिंग काढते आणि आत बॅटरी मारते. लोखंडाला चिकटलेली जुनी रिंग अर्धीच उरली आहे. बाकीची अर्धी जागा लख्ख.

तुकड्यावर अंगठा घासून काळं कपाळाला लावते आणि पटाशीकडे हात लांबवते. उरलेली अर्धीही काढणार आहे.