माझ्या नावाची चिठ्ठी

गेल्या आगमनकाळात, म्हणजे नाताळआधीच्या चार आठवड्यांत, मी कॉन्व्हेंट सोडून घरी जायचं ठरवलं होतं. भांडण कुणाशीच नव्हतं. तीस वर्षं धर्मभगिनी म्हणून काढल्यावर आपल्याला निघून जावंसं वाटावं याची लाज वाटत होती, म्हणून कॉन्व्हेंटमध्ये कुणाजवळ बोलले नाही. फक्त वसईला धाकट्या भावाला फोनवर सांगितलं, की नाताळच्या दिवशी संध्याकाळी गाडी घेऊन ये, सामान जरा जास्त असेल. तो काय समजायचं ते समजला. मागची खोली रंगवून घेतो म्हणाला.

जूनमध्ये माझी बदली झाली होती. तोवर मी एका मोठ्या शाळेची मुख्याध्यापिका होते. व्हरांड्यात माझी चाहूल लागली की वर्ग चिडीचूप व्हायचे, आणि खोटं कशाला सांगू, मला ते आवडायचं. तिथून आले ती खालापूर तालुक्यात, चौक गावाच्या आतल्या अंगाला असलेल्या आमच्या छोट्या घरात. आदिवासी मुलींचं वसतिगृह आणि आम्ही चौघी. घराच्या प्रमुख, म्हणजे सुपिरिअर, सिस्टर रोझलिन, ऐंशीच्या घरातल्या सिस्टर फिलोमेना, नुकतीच व्रतं घेतलेली सिस्टर जसिंता आणि मी. माझ्याआधी इथे सिस्टर लूसी होती. ती मुलींना गाणी शिकवायची, जीप चालवायची, गावातल्या बायांशी त्यांच्याच बोलीत गप्पा मारायची. उठताबसता घरात तिचं नाव निघायचं. माझ्या वाट्याला आला मुलींचा अभ्यास, आणि त्या मुली माझ्यासमोर बसल्या की जांभया द्यायच्या.

रोज संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर आम्ही शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधला दुसऱ्या दिवशीचा उतारा, वाचतो आणि प्रत्येकीने मनाला भिडलेलं काहीतरी सांगायचं असतं. शाळेत असताना माझं मनन ऐकायला इतर सिस्टर उत्सुक असायच्या. इथे हळूहळू माझे शब्दच आटले. देव आहे यावर विश्वास होता, पण त्याला माझ्याशी काही देणंघेणं उरलंय असं वाटेना. आगमनकाळ लागला तेव्हा माझी पाळी आली की मी नुसतं ‘आज काही नाही’ म्हणू लागले होते.

आमच्याकडे आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी टोपलीतून आमच्या नावांच्या चिठ्ठ्या काढतात. जिच्या नावाची चिठ्ठी येईल तिच्यासाठी नाताळपर्यंत रोज प्रार्थना करायची, तिच्या नकळत तिचं काहीबाही करायचं आणि कुणाला सांगायचं नाही. याला आम्ही देवदूत होणं म्हणतो. चिठ्ठ्या लिहिण्याचा मान सिस्टर फिलोमेनाचा. माझ्या चिठ्ठीत सिस्टर रोझलिन आल्या. जायचंच आहे तर निदान हे तरी नीट करून जावं, असं मी मनाशी म्हटलं.

आणि मग माझ्या लक्षात येऊ लागलं, की माझाही देवदूत कामाला लागलाय. पहाटे न्हाणीघराच्या दाराशी माझ्यासाठी गरम पाण्याची बादली झाकून ठेवलेली असायची. चॅपेलमध्ये माझ्या खुर्चीला पाठीशी छोटी उशी होती. आणि एक दिवसाआड खोलीच्या खिडकीत पेरू असायचे, पानांसकट तोडलेले. शाळेत चोर पकडण्यात माझा हातखंडा होता, त्यामुळे मी तिघींवर पाळत ठेवली. कुणीच सापडेना. पण खरं सांगते, त्या दिवसांत सकाळी उठायला मला बरं वाटू लागलं. चिठ्ठीमुळे का होईना, कुणीतरी माझा विचार करत होतं.

नाताळ तोंडावर आलेला असताना येशूची आई मरिया आपल्या गरोदर नातलग एलिझाबेथच्या घरी गेल्याचं शुभवर्तमान आलं. सिस्टर फिलोमेना सहसा मोजकंच बोलते. त्या दिवशी म्हणाली, “मरिया तिथं तीन महिने राहिली. पाणी भरलं असेल, भांडी घासली असतील. त्यातलं कुणी काही लिहून ठेवलं नाही.” एवढं बोलून तिने डोळे मिटले. मी माझी पाळी नेहमीसारखी टाळली, पण ते वाक्य डोक्यातून जाईना.

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारच्या चहाला नावं सांगायची असतात. मी रोझलिनचं नाव सांगितलं. रोझलिनकडे फिलोमेना होती, फिलोमेनाकडे जसिंता. राहिली जसिंता. ती म्हणाली, “माझ्याकडे सिस्टर लूसी.”

सिस्टर फिलोमेनाने सवयीने गेल्या वर्षीचीच नावं लिहिली होती. जसिंता बिचारी रडवेली झाली. नाव सांगायचं नाही हा नियम, आणि लांब गेलेल्या सिस्टरसाठी मुद्दाम चिठ्ठी घातली असेल असं तिला वाटलेलं. महिनाभर ती लूसीसाठी रोझरीची जपमाळ म्हणत होती. माझी चिठ्ठी टोपलीत नव्हतीच. त्या घरात मी कुणाच्या आठवणीतही नव्हते, असंच मला वाटलं आणि बावन्न वर्षांच्या माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

“मग गरम पाणी?” मी कसंबसं विचारलं.

रोझलिन गोंधळल्या. “ते तर मी पावसाळ्यापासून ठेवते. तुमचे गुडघे दुखतात ना?”

उशी जसिंताने शिवली होती, तीही जुलैत. सगळं आधीपासून होतं. चिठ्ठी निघाली असं समजून मी शोधत होते, आणि शोधत होते म्हणून मला दिसलं, एवढंच.

पेरूंचं मात्र तिघींनाही काही ठाऊक नव्हतं. नाताळच्या सकाळी शेजारच्या सुनंदाताई दूध घेऊन आल्या तेव्हा मी त्यांना सहज विचारलं. त्या लाजल्या. “मीच ठेवते. तुमी खिडकीत एकल्याच बसलेल्या दिसता. मी लगीन होऊन इकडं आले ना, तवा मलापन गमत नव्हतं. सासूबाय उशाशी पेरू ठेवायच्या. बोलायच्या काय नाय.” तोवर मी त्या बाईशी दुधाच्या हिशोबापलीकडे एक शब्दही बोलले नव्हते. मी त्यांचे हात हातात घेतले आणि तशीच उभी राहिले.

देवाच्या स्वाधीन होणं म्हणजे आपलं सगळं त्याला देऊन टाकणं, असं मी मुलींना वर्षानुवर्षं शिकवलं. देणारी म्हणून मी स्वतःला फार मानत होते. दुसऱ्याने न मागता केलेलं मान खाली घालून घ्यायलाही स्वाधीन व्हावं लागतं, हे मला त्या घरात कळलं. तो चमत्कार होता का, ते मी सांगू शकत नाही. मी उपाशी होते आणि माझं ताट कधीचं वाढलेलं होतं, त्याबद्दल मी प्रभूचे आभार मानते.

संध्याकाळी भाऊ गाडी घेऊन आला. व्हरांड्यात एक छोटी पिशवी तेवढी बघून त्याने बाकीचं सामान कुठाय म्हणून विचारलं. खोली रंगवून झालीय, हेही सांगितलं.

“दोन दिवस झोपेन त्या खोलीत,” मी म्हटलं. “तिसऱ्या दिवशी मला घरी आणून सोड.”