आत्याची वरची खोली

साऱ्या गल्लीची ती आत्याच. काय काम करते विचारलं तर शेजारीपाजारी सांगतात, "टॉवर बांधते!" खोटं नाही. बिल्डरच्या ऑफिसात काचेखाली ठेवतात त्या हातभर इमारती आत्या बनवते. स्पंजची झाडं, आरशाच्या तुकड्याचं तळं, नखाएवढी माणसं. तिच्या टॉवरना परवानग्या धडाधड मिळतात. फक्त तिच्या घरावरच्या एका खोलीला मिळत नाही.

धाकटी बहीण दोन पोरं घेऊन परत आली, तेव्हापासून सगळे एकाच खोलीत. एकाने कूस बदलली की सगळ्यांनी बदलायची. आत्याने वर खोली बांधायचा अर्ज केला. परवाना खात्यातले साहेब बोलतात नाकातून.

"बाईऽ, रस्ता अरुंद आहेऽ. वर चढवता येणार नाहीऽ."

"आणि त्याच रस्त्यावर तो टॉवर चढतोय, तो?"

"ती गुंतवणूक आहेऽ. शहर वाढतंयऽ."

"मग माझी भाचरं काय आकसतायत?"

साहेबांनी चहा मागवला. स्वतःपुरता.

आणि नेमकं त्याच टॉवरचं मॉडेल बनवायचं काम आत्याकडे आलं. सेल्स मॅनेजर म्हणजे तोंडात साखर. "आत्या, ही गल्ली उडवा. हिरवळ लावा. गुंतवणूकदारांना कसं मोकळं मोकळं वाटलं पाहिजे!"

"त्या गल्लीत मी राहते."

"अहो, मॉडेलमध्येच तर उडवायचीय! खऱ्या गल्लीचं पुढचं पुढे."

ते 'पुढचं पुढे' आत्याच्या डोक्यातच गेलं. तिने हिरवळ लावली. मधोमध तेवढा चौकोन कापला आणि आपलं घर चिकटवलं. निळी टाकी, पत्र्याचं दार. आणि वर खोली, खिडकीसकट.

मॉडेलच्या उद्घाटनाला बिल्डरच्या ऑफिसात सूटबूटवाले जमले. एकाने बोट दाखवलं, "हे काय मध्येच?"

मॅनेजर हसत हसत घर उपटायला गेला. निघेना. दात-ओठ खाऊन ओढलं, तर त्याचंच कोपर लागून टॉवर आडवा. घर जागच्या जागी.

"आत्या! कुणाला विचारून लावलंत हे?"

आत्याने पिशवी खांद्याला अडकवली आणि नाकातून म्हणाली, "पाडायचं असेल तर अर्ज कराऽ. रस्ता अरुंद आहेऽ, वेळ लागेलऽ."

काम गेलं, हे तिला जिना उतरतानाच कळलं होतं. तरी पाय तरातरा विटांच्या वखारीकडेच वळले.

"उद्या सकाळी गाडी टाक घरी."

"परवानगी आली वाटतं, आत्या?" वखारवाल्याने विचारलं.

"तुझ्या विटा परवानगी बघून चिकटतात का रे? टाक म्हटलं ना!"