चौकटीतली शंभर युरोची नोट

जालन्याच्या बँकेत माझ्याकडे विदेशी चलनाचं टेबल होतं. गिऱ्हाईक तुरळक. हजहून आलेले लोक उरलेले रियाल आणायचे, बियाण्यांच्या कंपन्यांतली माणसं दौऱ्यावरून आली की डॉलर आणायची. युरो क्वचितच यायचे.

एके सकाळी शहागडहून एक साठीच्या बाई आल्या. पिशवीतून त्यांनी काचेची चौकट काढली. आत शंभर युरोची हिरवी नोट होती. हायवेवर ट्रकच्या सीट शिवून देणारं त्यांच्या नवऱ्याचं दुकान मला ठाऊक होतं. गल्ल्यामागच्या भिंतीवर ही चौकट मी पाहिलीही होती. नवरा तरुणपणी जर्मनीत सोफ्याच्या कारखान्यात कामाला गेला होता, तो युरो आल्यावर परतला. आदल्या वर्षी तो वारला होता.

"निघायच्या दिवशी मालकानं हातात ठेवली," बाई म्हणाल्या. "त्यांनी कधी मोडली न्हाई. आता दुकानावरचे पत्रे बदलायचेत, म्हणून काढली."

मी नोट चौकटीतून सोडवली. युरो ओळखायच्या साध्या तीन रीती आहेत: हात लावून बघा, उजेडात धरून बघा, तिरकी करून बघा. हिचा कागद गुळगुळीत होता. उजेडात धरल्यावर जलचिन्ह दिसलं, पण ते वरून छापलेलं होतं. तिरकी केल्यावर चकाकत्या चित्रात काहीच हललं नाही, आणि मागचा आकडा जांभळ्याचा हिरवट व्हायला हवा होता, तो जांभळाच राहिला. मी ती निळ्या दिव्याखाली धरली. खरा कागद तिथे काळपट राहतो. हा पांढराफेक उजळला.

"मावशी, ही खरी नाही," मी म्हणालो.

त्यांनी विचारलं, "मालकाला माहीत असंल?"

"सांगता येत नाही. त्यालाही कुणी दिली असेल. तिकडे खोटी नोट बँकेत नेली, की बँक ठेवून घेते आणि बदल्यात काही देत नाही. जाणूनबुजून पुढे खपवली तर गुन्हा."

"मंग गावाला निघालेल्या माणसाला द्यायची," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "तो परत विचारायला थोडाच येणार हाय."

नोट साहेबांकडे द्यावी लागेल, परत मिळणार नाही, असं मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि चौकट पिशवीत टाकली. उठता उठता रुमालात बांधलेल्या काही जुन्या नोटा टेबलावर ठेवल्या.

"ह्या बी घ्या. ह्या तर बंद पडल्यात. ते म्हणायचे, पोरांना खेळायला द्या. मी दिल्या न्हाईत."

त्या जर्मन मार्काच्या नोटा होत्या. युरो आल्यावर मार्क चलनातून गेला, दुकानात कुणी घेत नाही, आमची बँकही घेत नव्हती. पण जर्मनीची मध्यवर्ती बँक आजही मार्क घेऊन युरो देते, कायमच्या ठरलेल्या दराने. त्याला मुदत नाही. हे सांगितल्यावर त्यांचा विश्वास बसेना.

"चांगली नोट खोटी आन् मेलेली खरी?"

"तसंच झालंय."

त्यांच्या बहिणीची मुलगी तिकडे दवाखान्यात नर्स होती. सुट्टीवर आली तेव्हा मार्क घेऊन गेली, तिथे बदलले आणि पैसे मावशीच्या खात्यावर पाठवले. साहेबांना सांगून युरो खरेदीचा आमचा दर त्या दिवशी मी जरा बरा लावून घेतला, एवढंच माझ्या हातात होतं. पैसे जमा झाल्याचं मी फोनवर सांगितलं. "बराबर," एवढंच त्या म्हणाल्या, आणि पत्र्यांच्या खर्चाचं बोलू लागल्या.

पत्रे बदलून झाले. लोक सांगत होते तरी दुकान मात्र त्यांनी भाड्याने दिलं नाही. धाकट्या मुलीला शिवणकाम येत होतं, तिला हाताशी घेऊन त्याच चालवू लागल्या. पुढे पैठणला जाताना मी स्कूटरची सीट शिवायला तिथे थांबलो. बाई एका ड्रायव्हरशी रेक्झिनच्या रंगावरून बोलत होत्या. त्याला लाल हवं होतं. त्या म्हणत होत्या, लाल उन्हात विटतं, तपकिरी घे. मला त्यांनी खुर्ची दिली, चहा सांगितला आणि पुन्हा त्याच्याकडे वळल्या. शेवटी त्याने तपकिरी घेतलं.