दवाखान्याच्या नऊ पायऱ्या

आमच्या गावच्या सरकारी दवाखान्याला नऊ पायऱ्या आहेत. माझी आत्या पाचवीवर थांबून पदर सारखा करते. सातवीवर पुन्हा थांबते आणि चपलेत खडा गेल्याचं सांगते. खडा कधीच नसतो. वर पोचते तेव्हा तिच्या छातीतून बारीक शिट्टी वाजत असते.

मग आम्ही बाकावर तासभर बसतो आणि तेवढ्यात शिट्टी थांबते. नंबर लागला की आत्या हसतमुखानं आत जाते.

"विडी, तंबाखू?" डॉक्टर विचारतात.

"छे हो."

"आत्ता दम लागतोय?"

"आत्ता नाही, साहेब."

खरं तेच सांगते बिचारी. चाळीस वर्षं ती चुलीत फुंकणी फुंकत आली, पण ते कुणी विचारत नाही आणि विचारल्याशिवाय ती सांगत नाही. खोकल्याची बाटली घेऊन आम्ही परत येतो. चिडावं तरी कुणावर? आजार बाहेर पायऱ्यांवर आणि तपासणी आत खुर्चीत. फुंकून दम मोजायचं यंत्र त्याच खोलीत कपाटावर आहे, खोक्यातून न काढलेलं.

आज पाचवी बाटली हातात पडली तेव्हा मात्र मला राहवलं नाही. म्हटलं, "डॉक्टर, एकदा हिच्याबरोबर या पायऱ्या चढून बघा."

आत्यानं माझा हात दाबला. "गप रे. त्यांना कशाला त्रास? वय झालंय माझं, दुसरं काय."

डॉक्टरांनीही मान डोलावली.

आत्याला आत्ता कुठे बावन्नावं लागलंय.